ऑस्टिनमध्ये एकच दिवस आहे, आई-बाबांना तिथलं कॅपिटॉल, म्हणजे टेक्सास राज्याचं विधानभवन, दाखवायला न्यावं का? किती वेळ ठेवावा?

नक्की न्या. एकच दिवस हातात आहे म्हणताय, तरी सकाळचे तीन तास इथेच द्या. मी माझ्या आई-बाबांना घेऊन गेले होते. आम्ही नागपूरचे, बाबांनी जन्मभर विधानभवन रस्त्यावरूनच बघितलेलं, हिवाळी अधिवेशनात तर तो रस्ताही बंद, आणि इथे तिकीट नाही पास नाही, दारात बॅग मशीनमधून गेली की झालं. बाबा दोनदा विचारत होते, अगं खरंच असंच आत जायचं?

आत गेलात की आधी फ्री गाइडेड टूर घ्या. घुमटाच्या बरोब्बर खाली फरशीवर मधोमध तारा आहे, त्यावर उभं राहून बोललं की आपलाच आवाज घुमून परत येतो. वर बघितलं की छतावर छोटासा तारा दिसतो, तो खरंतर आठ फूट रुंद आहे, त्यावरून उंचीचा अंदाज येतो. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलपेक्षाही, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपेक्षाही, ही इमारत उंच आहे. दारांच्या पितळी बिजागऱ्या मुद्दाम बघा, त्यावरसुद्धा टेक्सास कॅपिटॉल असं कोरलंय, आईला तेच सगळ्यात जास्त आवडलं.

ही इमारत १८८८ ची. सरकारकडे पैसा नव्हता पण जमीन भरपूर, म्हणून बांधणाऱ्यांना पैशाऐवजी उत्तर टेक्सासमधली ३० लाख एकर जमीन दिली, त्यावर पुढे एक्सआयटी नावाचं गुरांचं अवाढव्य रँच उभं राहिलं. तो लालसर ग्रॅनाइट मार्बल फॉल्सजवळचा, आणि खाणीत राबवले ते कैदी. दगड घडवणाऱ्यांच्या युनियनने त्यावर बहिष्कार टाकला म्हणून स्कॉटलंडहून कारागीर आणावे लागले. एवढ्या सुंदर भिंतीला हात लावताना हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून आई-बाबांना मी तिथेच उभं राहून सांगितलं.

आणि हो, विधिमंडळाचं नियमित अधिवेशन विषम वर्षांत जानेवारीपासून १४० दिवस असतं. तुमची ट्रिप त्यात येत असेल तर तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत जाऊन बसाच. आम्ही बसलो होतो, खाली आमदार बोलतायत आणि वर कुणीही येऊन ऐकतंय, बाबा तासभर जागचे हलले नाहीत, भाषा अर्धीच कळत होती तरी.

मागच्या बाजूला जमिनीखाली १९९३ मध्ये बांधलेला भाग आहे, तिथे उघड्या आकाशाचा गोल चौक आहे, बरेच लोक तो बघायचा विसरतात. बाहेर २२ एकरांचं आवार, झाडांची सावली छान, पण उन्हाळ्यात अकराच्या आत उरका आणि पाणी सोबत ठेवा.

आई-बाबांना चालवत असेल तर संध्याकाळी काँग्रेस अव्हेन्यूने सरळ दक्षिणेला पुलापर्यंत जा, साधारण दीड किलोमीटर आहे. मार्च ते ऑक्टोबरमध्ये गेलात तर सूर्य मावळताना पुलाखालून लाखो वटवाघळं बाहेर पडतात. जागा मिळायला अर्धा तास आधी पोचा.