भरलेले पैसे आणि भरायचे पैसे

"चार लाख भरलेत हो. आता सोडलं तर सगळे पाण्यात गेले ना?" हा प्रश्न माझ्याकडे येणारी निवृत्त जोडपी वरचेवर विचारतात. कधी तो विमा पॉलिसीबद्दल असतो, कधी दूरच्या एखाद्या प्लॉटबद्दल. या वेळी टाइमशेअरबद्दल, म्हणजे आधी पैसे भरून रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक दिवस राहण्याचा हक्क घेण्याबद्दल होता. जोडपं कोथरूडचं. त्यांना वसंतराव आणि शैलाताई म्हणू. ओळख पटू नये म्हणून तपशील आणि आकडे बदलले आहेत.

वसंतरावांनी २००९ मध्ये एका थंड हवेच्या ठिकाणच्या रिसॉर्टचा वर्षाला एक आठवडा २५ वर्षांसाठी घेतला. पुढे त्या आठवड्याचे पॉइंट्स करून ते एक्स्चेंजमध्ये आले, म्हणजे आपला आठवडा देऊन दुसऱ्या रिसॉर्टमध्ये राहायची सोय घेतली. ही कल्पना जुनी आहे. आरसीआय ही अशी अदलाबदल करणारी कंपनी १९७४ साली अमेरिकेत सुरू झाली, तेव्हा आठवड्याच्या बदल्यात आठवडा मिळायचा. पॉइंट्समध्ये दोन-तीन दिवसही घेता येतात, ठिकाण निवडता येतं. अडचण गर्दीच्या दिवसांत येते. वसंतरावांचा मुलगा बंगळुरूला, नात शाळेत. सगळ्यांना जमणार ते दिवाळीत नाहीतर मे महिन्यात, आणि त्याच दिवसांना सर्वांत जास्त पॉइंट्स लागतात. शिवाय बुकिंग सुरू होताच खोल्या संपतात. बुकिंगची सगळी खटपट शैलाताईंच्या गळ्यात. फीचं बिल आलं की घरात चार दिवस अबोला.

आम्ही आधी कागद-पेन घेतलं. वार्षिक देखभाल फी २४,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २८,३२० रुपये. एक्स्चेंजचं बुकिंग केलं की आणखी ६,०००. सहा रात्री राहिलं तर एका रात्रीला ५,७२० रुपये पडतात, जेवणखाण वेगळं. पण हल्ली ते जात होते वर्षाआड. उरलेले पॉइंट्स त्यांच्या करारानुसार मुदत संपली की बाद व्हायचे. मग दोन वर्षांची फी धरून तीच रात्र १०,४४० रुपयांना पडत होती. शैलाताई म्हणाल्या, "एवढ्यात आपण कुठेही राहिलो असतो, आणि हवं तेव्हा!"

वसंतराव गप्प होते. हिशेब त्यांनाही कळत होता. तरी माणूस सोडत नाही, कारण सोडणं म्हणजे आपण फसलो हे कबूल करणं, असं त्याला वाटतं. बुडालेल्या खर्चाचा हा ओढा अर्थशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ दोघांनीही अभ्यासला आहे. पण एवढं सांगून कुणाचं मन हलत नाही. मी विचारलं, "काका, घेतलं तेव्हा काय मनात होतं?"

चिंचवडच्या कारखान्यात तीन पाळ्यांत आयुष्य गेलं, ते सांगू लागले. रजा मागायची सवयच नव्हती. आठवडा ठरलेला असला, पैसे भरलेले असले, की साहेबाकडे जाऊन रजा मागायला काहीतरी आधार मिळेल. आणि तसंच झालं. मुलगा कॉलेज संपवून बाहेर पडेपर्यंत हे कुटुंब दरवर्षी गेलं. शैलाताईंनी हे कारण पहिल्यांदाच ऐकलं. "अहो, मला कधी बोलला नाहीत ते?"

म्हणून मी फसवणूक हा शब्द बाजूला ठेवायला सांगितलं. ज्यासाठी घेतलं ते काम त्या आठवड्याने केव्हाच केलं होतं. ते चार लाख ठेवलं तरी परत येणार नाहीत आणि सोडलं तरी नाहीत. ठरवायचं होतं ते २०३४ पर्यंतच्या प्रत्येक वर्षाच्या २८ हजारांबद्दल, आणि ही फी वाढतच जाते.

प्रत्येकाने सोडावंच असं मी म्हणत नाही. सहकारनगरच्या एका निवृत्त शिक्षिका बहिणींबरोबर शाळा सुरू झाल्यावर, बिनगर्दीच्या दिवसांत जातात, बुकिंग कित्येक महिने आधी करतात आणि एकही पॉइंट वाया घालवत नाहीत. त्यांनी ठेवावं हेच मी सांगितलं.

सोडायचं ठरलं तरी करार आधी वाचावा. एक्स्चेंजचं सदस्यत्व आणि रिसॉर्टचा आठवडा हे बहुतेक वेळा वेगवेगळे करार असतात. नुसतं एक्स्चेंज सोडून मूळ आठवडा वापरता येतो का, हे त्यातच कळतं. सदस्यत्व परत करण्याचं कलम, थकबाकी, हस्तांतर फी, वारसाचं नाव, हे सगळं पाहावं. फी भरणं नुसतं थांबवू नये. ती थकबाकी म्हणून साचत जाते. वसंतरावांनी चालू वर्षाची फी भरली, उरलेल्या पॉइंट्सवर सप्टेंबरात दोघंच जाऊन आले आणि सदस्यत्व परत करत असल्याचा ईमेल स्वतः लिहिला. लेखी उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा शैलाताईंनी केला.

त्याच काळात त्यांना एक फोन आला: "तुमचे पॉइंट्स चांगल्या भावात विकून देतो, आधी फाइल फी भरा." अशा फोनवर एक रुपयाही देऊ नका. रिसॉर्टच दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं.