वाचकांचे प्रश्न : तीव्र व्यायामाची सुरुवात कशी करावी?

घड्याळ लावून, कमी वेळात, धाप लागेपर्यंत करायच्या फंक्शनल व्यायामाबद्दल वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. खाली बसून उठणे, जमिनीवरचे ओझे उचलणे, ढकलणे, ओढणे, डोक्यावर धरणे, उचलून नेणे अशा रोजच्या जगण्यातल्या हालचाली एकापाठोपाठ एक, जोरकसपणे करणे हे या पद्धतीचे मूळ रूप आहे. ग्रेग ग्लासमन आणि लॉरेन जेनाय यांनी २००० साली अमेरिकेत स्थापन केलेल्या ‘क्रॉसफिट’मुळे ती जगभर पोहोचली. आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझे वय ४१ असून गेली दहा-बारा वर्षे माझे काम बैठे आहे. महाविद्यालयात असताना मी नियमित खेळत असे, त्यानंतर व्यायाम असा झालाच नाही. माझे काही सहकारी गटाने वीस-वीस मिनिटांचा तीव्र व्यायाम करतात आणि मलाही बोलावतात. मी थेट त्यांच्याबरोबर सुरुवात करावी, की आधी दोन-तीन महिने चालून-पळून दम वाढवावा आणि मग जावे?

उत्तर : आपण गटात अवश्य जा, मात्र पहिले काही आठवडे त्यांच्या घड्याळाशी आणि त्यांच्या वजनाशी आपला काही संबंध नाही, असे स्वतःला आणि त्यांनाही स्पष्ट सांगून जा. आधी पळून दम वाढवण्याचा विचार वावगा नाही, पण त्याने आपली खरी अडचण सुटणार नाही. बैठ्या कामाने आपला दम जसा कमी झाला आहे, तसेच आपले खुबे, घोटे आणि खांदेही आखडले आहेत. पळून हृदय-फुप्फुसे सुधारतील, पण वजन उचलताना कंबर कशी सरळ ठेवायची हे पळण्यातून शिकता येत नाही. शिवाय स्नायूंची ताकद काही आठवड्यांत वाढू लागते, तर स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना तेवढाच भार पेलण्याची सवय होण्यास महिने लागतात. म्हणूनच नव्याने व्यायामाला लागलेल्या माणसाला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘आता जमते आहे’ असे वाटू लागते आणि नेमकी त्याच सुमारास गुडघ्याची किंवा खांद्याची कुरकुर सुरू होते.

क्रॉसफिटच्या स्वतःच्या शिकवणीतही क्रम आधी तंत्र, मग सातत्य आणि शेवटी तीव्रता असाच आहे. दुर्दैवाने प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी तीव्रतेपासूनच सुरुवात होते, कारण ती लगेच दिसते आणि घाम आला की पैसे वसूल झाल्यासारखे वाटते.

तंत्र म्हणजे काय, हे एका बैठकीवरून पाहू. एक भक्कम खुर्ची मागे ठेवून उभे राहावे, पावले खांद्यांइतकी किंवा किंचित जास्त रुंद ठेवून बोटे थोडी बाहेर वळवावीत आणि नितंब मागे नेत, सावकाश, तीन आकडे मोजत खुर्चीला जेमतेम टेकावे. टेकल्यावर अंग सैल सोडू नये, तळपाय पूर्ण जमिनीवर दाबून उठावे. आता लक्ष गुडघ्यांकडे द्या. उठताना ते आत, एकमेकांकडे झुकतात का? टाचा उचलल्या जातात का? पहिल्या चार बैठकांत असे काही होत नाही आणि नवव्या बैठकीला होते, तर आपली आजची संख्या आठ आहे. सोबत्याची संख्या तीस असली तरी आपली आठच. वजन उचलण्याची रीत शिकण्यासाठी एक साधी काठी पाठीवर उभी धरावी. डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तीन ठिकाणी ती टेकलेली राहील अशा बेताने, गुडघे किंचित वाकवून, कमरेतून नव्हे तर खुब्यातून पुढे वाकावे. काठी एका जरी ठिकाणी सुटली, तरी कणा गोल झाला असे समजावे. ही काठी मी वर्षानुवर्षे ताकदीचा व्यायाम केलेल्या लोकांनाही देतो आणि त्यांच्यापैकी अनेकांची काठी दुसऱ्या-तिसऱ्या वाकण्यातच सुटते.

पहिले चार आठवडे, आठवड्यातून तीन दिवस आणि मधे एकेक दिवस सोडून, एवढेच करावे : दहा मिनिटे सांधे मोकळे करणे, त्यानंतर दहा मिनिटांत खुर्चीच्या ६ बैठका, टेबलाच्या कडेवर हात टेकवून ५ जोर, लवचीक पट्टा किंवा हलके डंबेल छातीकडे ओढण्याच्या ८ आवृत्त्या आणि दोन्ही हातांत वजन घेऊन ३० पावले चालणे, हे चक्र आपल्या गतीने फिरवत राहावे. किती चक्रे झाली ते लिहून ठेवावे, पण वाढवण्याची घाई करू नये. व्यायाम करता करता आपल्याला एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे. पाचव्या आठवड्यापासून दर मिनिटाच्या ठोक्याला ठरलेल्या आवृत्त्या करून उरलेला वेळ विश्रांती घेण्याची पद्धत सुरू करावी. तिच्यात विश्रांती आपोआप मिळते आणि गती कोठे घसरते तेही कळते. बोलणे दोन-तीन शब्दांवर येईल इतकी तीव्रता त्यानंतरच, आणि तीही आठवड्यातून एक-दोनदाच यावी.

सहकाऱ्यांच्या बरोबरीने करायचे म्हणजे त्यांनी केलेले सगळे तसेच्या तसे करायचे, असे नाही. क्रॉसफिटमध्ये ‘सिंडी’ नावाचा एक प्रसिद्ध व्यायाम आहे. त्यात २० मिनिटांत ५ पुल-अप (आडव्या बारला लटकून अंग वर ओढणे), १० जोर आणि १५ बैठका यांची जमतील तितकी चक्रे करायची असतात. आपण तोच व्यायाम ८ मिनिटे, पुल-अपऐवजी पट्टा ओढून, टेबलावरचे जोर आणि खुर्चीच्या बैठका घेऊन करू शकता. यालाच या क्षेत्रात स्केलिंग म्हणतात आणि अनुभवी लोकही आजारपणानंतर किंवा झोप अपुरी झालेल्या दिवशी ते बिनदिक्कत करतात.

प्रश्न : ‘फक्त चार मिनिटांचा व्यायाम तासाभराच्या व्यायामाइतका परिणाम करतो, हे जपानमध्ये सिद्ध झाले आहे’ असे मला सांगण्यात आले. हे खरे असेल, तर नवशिक्याने तेवढेच का करू नये?

उत्तर : या म्हणण्यामागे इझुमी ताबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. २० सेकंद पूर्ण ताकदीने व्यायाम आणि १० सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या सहा आठवडे करणाऱ्या गटाची तुलना त्यांनी आठवड्यातून पाच दिवस ६० मिनिटे मध्यम गतीने व्यायाम करणाऱ्या गटाशी केली. छोट्या व्यायामाच्या गटाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चांगलीच वाढली आणि शिवाय प्राणवायूविना ऊर्जा निर्माण करण्याची क्षमताही सुमारे २८ टक्क्यांनी वाढली, जी दुसऱ्या गटात वाढली नाही. येथवर आपण ऐकले ते खरे आहे.

पण हे प्रयोग ज्यांच्यावर झाले ते शारीरिक शिक्षणाचे तरुण विद्यार्थी होते. ते स्थिर सायकलवर व्यायाम करत होते, म्हणजे पडण्याचा किंवा वजन हातातून सुटण्याचा प्रश्न नव्हता. आणि त्यांचा जोर किती होता? त्यांच्या कमाल प्राणवायू क्षमतेला लागणाऱ्या शक्तीच्या १७० टक्के. या जोराला शेवटच्या फेरीत पायडलची गती राखणेच अशक्य होते आणि तेथेच व्यायाम संपतो. त्याच चार मिनिटांत आपण घरच्या घरी हलक्या उड्या मारल्या, तर घड्याळ ताबातांचे राहील, जोर त्यांचा राहणार नाही. आणि नवशिक्याने खरोखरच तेवढा जोर लावायचा ठरवले, तर तिसऱ्या फेरीनंतर त्याच्या बर्पीत (खाली बसून, पाय मागे टाकून, पुन्हा उठून उडी मारण्याच्या व्यायामात) कंबर खाली लोंबू लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. चार मिनिटांच्या फेऱ्या पुढे या बेरजेत जरूर घ्याव्यात, सुरुवात मात्र त्यांनी करू नये.

प्रश्न : पहिल्या वर्गानंतर दुसऱ्या दिवशी मला जिना उतरता येईना. प्रशिक्षक म्हणाले, दुखले म्हणजे व्यायाम लागू पडला. हे बरोबर आहे का? आणि दुखत असताना व्यायाम करावा का?

उत्तर : दुखणे हे व्यायाम लागू पडल्याचे माप नाही. सवय नसलेल्या हालचालीमुळे, विशेषतः भाराखाली स्नायू लांबत असताना होणाऱ्या ताणामुळे, हे दुखणे येते; बैठकीत खाली जाताना किंवा बारवरून सावकाश उतरताना असा ताण पडतो. ते साधारण २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असते आणि मग ओसरते. तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केला, तर दुखणे बरेच कमी होते, आणि म्हणून तो व्यायाम निरुपयोगी झाला असे होत नाही. सौम्य दुखत असेल तर चालणे आणि हलक्या हालचाली उपयोगी पडतात. बसता-उठता कण्हावे लागत असेल तर त्या स्नायूंना आणखी विश्रांती द्यावी.

यापुढचे कृपया लक्षपूर्वक वाचावे. क्वचित प्रसंगी स्नायूंचे तंतू इतक्या मोठ्या प्रमाणावर तुटतात की त्यांतले मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा करते. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत जाणे, दंड किंवा मांड्या सुजून ताठ होणे, हात सरळ न होणे, त्या अवयवात जोर न राहणे आणि लघवीचा रंग कोऱ्या काळ्या चहासारखा होणे ही त्याची लक्षणे आहेत. लघवीचा रंग असा दिसला, तर वाट न पाहता, त्याच दिवशी, रात्र असली तरी रुग्णालयात जावे. ‘नवीन व्यायाम केला होता’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि तोवर मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, कारण त्यांतल्या अनेक गोळ्या मूत्रपिंडांवरचा भार वाढवतात. हा धोका अगदी नवख्या माणसापेक्षाही पूर्वी तंदुरुस्त असलेल्या आणि मोठ्या खंडानंतर परतलेल्या माणसाला अधिक असतो, असे मला माझ्या कामात वाटत आले आहे, कारण त्याची जिद्द आणि तंत्र दोन्ही शाबूत असतात, फक्त स्नायूंची सवय मोडलेली असते. उकाडा, कमी पाणी आणि नुकताच येऊन गेलेला ताप यांमुळे हा धोका वाढतो.

आपल्या प्रशिक्षकांचा हेतू वाईट असेल असे मी म्हणत नाही. पण पहिल्याच दिवशी जिना उतरता येणार नाही इतका व्यायाम देणे ही चूक आहे आणि ती आपण त्यांना नम्रपणे सांगावी.

प्रश्न : मी ५६ वर्षांचा असून मला उच्च रक्तदाब आहे. त्यासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी सुरू आहे. ‘२२० वजा वय’ या हिशेबाने नाडी १६४ च्या किती टक्के न्यावी?

उत्तर : आपण हा हिशेब वापरूच नये. एक तर तो सरासरीचा आहे आणि निरोगी माणसातही प्रत्यक्ष आकडा दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडे-तिकडे असतो. दुसरे म्हणजे आपली गोळी नाडीचा वेग मुद्दाम रोखून धरते, त्यामुळे आपण कितीही जोर लावला तरी नाडी तेथवर जाणार नाही आणि नेण्याच्या प्रयत्नात आपण स्वतःला दमवून घ्याल. त्याऐवजी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी विकसित केलेल्या श्रममापनाच्या धर्तीवर ० ते १० अशी पट्टी मनात धरावी. ० म्हणजे स्वस्थ बसणे, १० म्हणजे यापुढे एक क्षणही शक्य नाही. पहिले दोन महिने आपण ४ ते ५ च्या पुढे जाऊ नये.

सुरुवातीपूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारणे हे आपल्या बाबतीत अनिवार्य आहे. वजन उचलताना श्वास रोखू नका. उचलताना सोडा, खाली ठेवताना घ्या. श्वास रोखून जोर लावल्यास रक्तदाब एकदम उसळतो. व्यायाम संपताच मटकन खाली बसू नये, पाच मिनिटे संथ चालावे, नाहीतर रक्त पायांत साचून भोवळ येऊ शकते. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अकारण धाप यांपैकी काहीही जाणवले तर थांबावे आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

प्रश्न : बाळंतपणाला आठ महिने झाले. दोरीच्या उड्या मारताना लघवीचे थेंब येतात. वर्गात हे सांगायला संकोच वाटतो. मी व्यायाम सोडावा का?

उत्तर : सोडू नये. हे अनेक स्त्रियांना होते, पण ‘होतेच’ म्हणून सहन करत राहावे असेही नाही. ओटीपोटाच्या तळाशी असलेले, मूत्राशयाला आधार देणारे स्नायू गर्भारपणात आणि प्रसूतीत ताणले जातात आणि उडीच्या प्रत्येक धक्क्याला त्यांना ऐनवेळी आवळावे लागते. ते अजून त्या कामाला तयार नाहीत, एवढाच याचा अर्थ आहे. या विषयाचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावे आणि पोटाच्या मधल्या रेषेत फट राहिली आहे का, तेही पाहून घ्यावे. तोपर्यंत उड्यांच्या जागी कमी उंचीच्या पायरीवर चढ-उतार करावा आणि वजन असे निवडावे की उचलताना श्वास सोडता येईल आणि खाली दाब जाणवणार नाही. प्रशिक्षकांना कारण सांगणे आवश्यक नाही. ‘मला सध्या उड्या वर्ज्य आहेत’ एवढे वाक्य पुरेसे आहे. एवढ्यावर पर्याय न देता जे आग्रह करतात, त्यांच्या वर्गात राहू नये.

वर्गाची पारख करायची असेल, तर पैसे भरण्यापूर्वी एक वर्ग नुसता बसून पाहावा आणि शेवटच्या पाच मिनिटांत, सगळे दमलेले असताना, प्रशिक्षकाची नजर भिंतीवरच्या घड्याळावर आहे की लोकांच्या गुडघ्यांवर आणि पाठींवर, याकडे लक्ष द्यावे. एखाद्याची पाठ गोल होताना दिसताच जो पुढे होऊन त्याला थांबवतो आणि स्वतःच्या हाताने त्याच्या दांड्यावरची वजने उतरवतो, त्याच्याकडे आपण निर्धास्तपणे नाव नोंदवावे.