वाचक विचारतात : मूळ अक्षरच नाही, मग गिरवायचं काय?

प्रश्न : पुराभिलेखागारातले मोडी कागद वाचते, बोरूनं मोडी लिहितेही. आता चिनी सुलेखन सुरू केलंय. जो तो चौथ्या शतकातल्या सुलेखनकार वांग शीझीचं नाव घेतो, पण त्याच्या हातचा एकही कागद उरलेला नाही म्हणे. मग लोक गिरवतात काय?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नकला. आणि त्याचा प्रभाव टिकला तोही नकलांमुळेच. इ.स. 353 च्या वसंतात चीनमधल्या शाओशिंगजवळ लांतिंग इथं कवींची बैठक भरली. तिथल्या कवितांना वांगनं प्रस्तावना लिहिली, 28 ओळी, 324 अक्षरं. सातव्या शतकातला तांग घराण्याचा सम्राट ताइझोंग या लेखनावर इतका लुब्ध होता, की मूळ प्रत त्याच्याबरोबरच पुरली असं सांगतात. त्याआधी त्यानं दरबारी लेखकांकडून नकला करून घेतल्या, हे आपलं नशीब.

तेव्हाची एक पद्धत अशी : मेण दिलेला पातळ कागद मुळावर ठेवायचा, उजेडात धरून प्रत्येक फटकाऱ्याची केसाएवढी बारीक कड काढायची, मग आत शाई भरायची. दरबारी नकलकार फंग चंगसूच्या नावावर असलेली नक्कल बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. तिची मोठी छापील प्रत मिळवा. कुंचल्याचे केस फाटल्याच्या रेघा, चुकलेल्या अक्षरावर पुन्हा गिरवलेलं, सगळं त्यात उतरलंय. ‘झी’ हे अक्षर वीसेक वेळा येतं आणि दर वेळी वेगळं वळण घेतं.

पण ही धावती लिपी आहे, सुरुवात हिच्यापासून नको. आधी तांग काळातला सुलेखनकार यान झनचिंगची (709–785) ठसठशीत सरळ लिपी घ्या. सुरुवातीला ‘योंग’ हे एकच अक्षर, 8 सेंटिमीटरच्या चौकोनात. मूलभूत आठही फटकारे त्यात येतात. लांतिंगच्या प्रस्तावनेचं पहिलं अक्षरही तेच.

प्रश्न : माझे फटकारे स्केचपेननं काढल्यासारखे सपाट येतात, शाईही फुटते. वॉटरकलरचा गोल ब्रश आणि वॉटरप्रूफ शाई वापरतो.
— एक विद्यार्थी, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ती शाई आधी बंद करा. तिच्यात बहुधा लाख असते. केसांच्या मुळाशी वाळली की टोक कायमचं फिसकटतं. शाईची कांडी उगाळणार असाल तर शाईच्या दगडावर अर्धा चमचा पाणी घ्या, कांडी उभी धरा, जोर न लावता गोल फिरवा. कांडीमागची वाट क्षणभर उघडी राहू लागली की शाई झाली. कुंचला आधी साध्या पाण्यात भिजवून पिळा, मगच शाईत बुडवा आणि दगडाच्या काठावर निथळून टोक करा. एवढं करूनही शाई फुटली तर कागद फार शोषतोय किंवा हात रेंगाळतोय.

सपाटपणाचं कारण बहुतेक वेळा तिरका हात. बोरूत जाड-बारीक रेघ टाकाच्या तिरक्या कापामुळे येते, इथं ती दाबानं येते. म्हणून कुंचला उभा हवा. आडवी रेघ उजवीकडे जायची असली तरी टोक आधी किंचित डावीकडे टेकवा, दाबा, वळा, मग चाला. शेवटी जरा उचला, पुन्हा दाबा आणि आल्या वाटेनं थोडं मागे या. टोक रेघेच्या पोटात लपलं पाहिजे. मागे यायचं विसरलात तर शेपूट फाटतं. दहापैकी नऊ वेळा गडबड तिथंच होते.

प्रश्न : पावसाळ्यात कुंचल्याला बुरशी येते.
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : गार पाण्यानं धुवा, गरम पाण्यानं केस धरणारा डिंक सुटतो. टोक खाली करून पंख्याखाली टांगा. ओला कुंचला टोपणात घालू नका. पूर्ण वाळला की डब्यात कडुनिंबाचा पाला टाकून ठेवा, नाहीतर बकरीच्या केसांना कसर लागते.