लेझरसाठी गणपतीपर्यंत थांबू नका

ताई, तुमची लेक आठ वर्षांची. खालची पक्की दाढ खोल किडलीय, थंड लागलं की कळ येते आणि लगेच जाते, रात्री ठणका नाही. चिपळूणच्या डॉक्टरांनी नसेचा वरचा किडका भाग काढून औषध भरायला सांगितलंय, आणि मुंबईचे दीर म्हणतायत, 'इथे लेझरने नस वाचवतात, गणपती झाले की घेऊन या.' दातांच्या दवाखान्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून स्पष्ट सांगते: थांबू नका.

ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते, पण मुळाचं टोक बंद व्हायला पुढे साधारण तीन वर्षं लागतात. त्याआधी नस मेली तर मूळ पातळ आणि पोकळ राहतं, आणि तशी दाढ पुढे चावताना मोडू शकते. तुम्ही सांगितलेली लक्षणं नस वाचण्याजोगी असल्याची आहेत. ही संधी कायम राहत नाही. कीड सणासाठी थांबत नाही.

आता लेझर. दीर म्हणतायत तो कोणता, हे आधी विचारा. एक जास्त ताकदीचा, जो कापतो आणि रक्त थांबवतो. दुसरा कमी ताकदीचा, मिलिवॅटमध्ये मोजला जाणारा, तो कापत नाही आणि जाणवेल इतका तापतही नाही. त्याचा साधारण ६०० ते १००० नॅनोमीटरचा लाल किंवा अदृश्य प्रकाश पेशींमधल्या ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेला चालना देतो आणि सूज कमी व्हायला मदत होते, असं मानतात. १९६७ च्या सुमारास हंगेरीत एंद्रे मेस्टर यांना उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर अशा प्रकाशाने केस लवकर उगवताना दिसले, तिथून हा विषय सुरू झाला. दुधाच्या दातांवरच्या काही अभ्यासांत निकाल चांगले आहेत, पण प्रत्येकाची तरंगलांबी वेगळी, मात्रा वेगळी. म्हणून मी त्याला जोड म्हणते, उपचार म्हणत नाही.

दात कशाने वाचतो, ते १९६५ च्या एका प्रयोगाने दाखवलं. काकेहाशी नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढांची नस उघडी करून तशीच सोडली. साध्या उंदरांची नस सडली. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या भोकात अन्न अडकलं होतं, तरी नस जिवंत राहिली आणि तिने स्वतःवर नवा कठीण थर चढवला! जंतू आत शिरू दिले नाहीत, तर नस आपली आपण सावरते.

म्हणून चिपळूणच्या डॉक्टरांना विचारायचं ते हे: रबर डॅम, म्हणजे थुंकी आणि जंतू दूर ठेवणारा रबरी पडदा, लावणार का? नसेवर एमटीए किंवा बायोडेंटीन (नस झाकायची खास सिमेंटं) ठेवणार का? वरचं पक्कं सिमेंट किंवा कॅप किती लवकर बसवणार? कापल्यावर ओल्या कापसाच्या बोळ्याने काही मिनिटांत रक्त थांबलं नाही, तर ते आणखी खोल जायचं ठरवतील. तसं झालं तर घाबरू नका, तो योग्यच निर्णय असतो. लेझर त्यांच्याकडे असेल तर वापरू देत, लेकीच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा मात्र हवाच.

दुसरं मत हवं असेल तर खेडचं योगिता डेंटल कॉलेज तुम्हाला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. एक्स-रे सोबत न्या. उपचारानंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा एक्स-रे काढून मूळ वाढतंय का ते बघून घ्या. मध्येच रात्री ठणका लागला, हिरडीवर फोड आला किंवा गाल सुजला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.