‘अपील फेटाळले’ आणि ‘अपिलाची परवानगी नाकारली’

प्रश्न असा आहे: रोखे (शेअर, कर्जरोखे वगैरे) फसवणुकीच्या कटात दोषी ठरलेल्या कुणीतरी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाची परवानगी मागितली, न्यायालयाने नाही म्हटले, आणि मराठी मथळा आला ‘अपील फेटाळले’. हे बरोबर आहे का?

नाही. अपील फेटाळण्यासाठी ते आधी ऐकावे लागते. इथे न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच घेतलेले नसते. खालच्या न्यायालयाचा निकाल दोन्ही वेळा तसाच राहतो, म्हणून फरक क्षुल्लक वाटतो. पण ‘फेटाळले’ वाचले की वाचक समजतो, सर्वोच्च न्यायालयानेही याला दोषी मानले. तसे त्या न्यायालयाने म्हटलेलेच नसते.

अमेरिकेतल्या संघीय खटल्यात पहिले अपील हक्काचे असते, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयात मात्र साधारणपणे ९० दिवसांत अर्ज करावा लागतो आणि ९ पैकी निदान ४ न्यायमूर्तींना प्रकरण घ्यावेसे वाटले तरच ते पुढे जाते. नकार बहुतेकदा कारण न देता येतो. अशा नकारातून प्रकरणाच्या गुणदोषांविषयी कोणतेही मत काढता येत नाही, हे याच न्यायालयाचे न्या. फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी १९५० सालीच स्पष्ट केले होते.

एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचे माजी मुख्याधिकारी जेफ्री स्किलिंग यांच्या एकाच खटल्यात हे सगळे शब्द लागतात. मे २००६ मध्ये ह्यूस्टनच्या ज्युरीने त्यांना १९ आरोपांत दोषी ठरवले. त्यांत कटाचा एक आणि रोखे फसवणुकीचे १२ आरोप होते. शिक्षा झाली २४ वर्षे ४ महिने. जानेवारी २००९ मध्ये अपील न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली, पण शिक्षा रद्द करून ती नव्याने ठरवायला सांगितली. ही बातमी ‘शिक्षा कायम’ किंवा ‘शिक्षा रद्द, सुटका’ अशी दिली तर दोन्ही चूक. दोषसिद्धी आणि शिक्षा हे शब्द वेगळे ठेवायचे ते याचसाठी.

मग स्किलिंग यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे परवानगी मागितली आणि ती मिळाली. जून २०१० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की कटाच्या आरोपाला आधार म्हणून घेतलेले एक कलम फक्त लाच आणि तत्सम गुप्त मोबदल्याला लागू होते, स्किलिंग यांच्या वागण्याला नाही. प्रकरण खाली परत गेले. २०११ मध्ये अपील न्यायालयाने ठरवले की रोखे फसवणुकीच्या कटाचा पुरावा इतका भक्कम आहे की ते कलम लावण्याच्या चुकीने निकालात फरक पडला नसता. स्किलिंग पुन्हा सर्वोच्च न्यायालयाकडे गेले. २०१२ मध्ये परवानगी नाकारली गेली. या दुसऱ्या वेळी ‘अपील फेटाळले’ असे लिहिणे साफ चूक ठरेल, कारण अपील सुरूच झाले नव्हते. पुढे २०१३ मध्ये शिक्षा १४ वर्षांवर आली.

‘कट’ हा शब्दही गाळू नये. फसवणूक करणे हा एक गुन्हा आणि ती करण्यासाठी इतरांशी संगनमत करणे हा दुसरा. ‘फसवणुकीत दोषी’ एवढेच लिहिले की दुसरा नाहीसा होतो. ‘कारस्थान’ बोलीत ठीक आहे, पण त्याला राजकारणाचा वास येतो. कायद्याच्या बातमीत ‘कट’च हवा. ‘रोखे’ की ‘प्रतिभूती’? दोन्ही चालतात, मी ‘रोखे’ निवडेन. ‘शेअर घोटाळा’ मात्र नको, कारण रोख्यांत कर्जरोखेही येतात.

तेव्हा तो मथळा असा हवा होता: ‘रोखे फसवणुकीचा कट: दोषसिद्धीविरुद्ध अपिलाची परवानगी नाकारली’. लांब आहे खरा. जागा कमीच असेल तर ‘प्रकरण ऐकण्यास नकार’ लिहा.