संभाजीनगरला बदली झालीय. गावासारखं मोकळं वातावरण आणि चांगली शाळा, दोन्ही हवंय. घर कुठे बघावं?

तुमचं म्हणणं मला असं समजलं: पुण्याहून येताय, मिस्टरांची बदली शेंद्रा एमआयडीसीत झालीय, मुलगी तिसरीत जाणार, धाकटा बालवाडीत. फ्लॅटचा कंटाळा आलाय, शहराच्या कडेला गावासारखं वातावरण पाहिजे, पण मुलांच्या शाळेत तडजोड नको. आणि जमलंच तर एनए म्हणजे बिनशेती प्लॉट घेऊन बांधायचा विचार आहे.

मी देवळाईत राहते, माझी दोन्ही मुलं इथूनच शिकली. माझ्या मते पहिलं वर्ष शहराच्या दक्षिण कडेच्या सातारा-देवळाई भागात, डोंगराच्या बाजूला, भाड्यानं राहा. प्लॉटचा विषय एक अख्खा उन्हाळा इथे काढल्यावरच काढा.

आता हे असं का, ते सांगते. शहराच्या कडेला 'गावपण' म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा समोरचं मोकळं वावर असतं. खिडकी उघडली की ज्वारी दिसते, माणूस खूश होतो. पण ते वावर ज्याचं आहे तो भाव वाढायची वाट बघतोय. एक दिवस तिथे सिमेंटचे खांब रोवले जातात, चुन्याच्या रेषा पडतात, कमान उभी राहते आणि तीनचार वर्षांत ज्वारीच्या जागी रो-हाऊस. सातारा आणि देवळाई ही पूर्वी ग्रामपंचायतीची गावं होती. २०१४ मध्ये दोन्हींची मिळून नगर परिषद झाली आणि थोड्याच काळात तीही महापालिकेत गेली. ज्यांनी तेव्हा 'शेताला लागून' म्हणून घरं घेतली, त्यांच्या गॅलरीसमोर आज दुसऱ्याची गॅलरी आहे.

म्हणून मी लोकांना सांगते, समोर काय मोकळं आहे हे बघू नका, काय मोकळंच राहणार आहे ते बघा. आपल्या शहराभोवती अशा जागा मोजक्या. साताऱ्याचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याची वनखात्याची हद्द. पडेगाव-मिटमिट्याकडे छावणीची लष्करी जमीन. हर्सूलचा तलाव आणि पुढे जटवाडा रस्त्याचे डोंगर. मिटमिटा मला स्वतःला फार आवडतं. पावसाळ्यात दौलताबादपर्यंत सगळं हिरवं असतं. पण शेंद्रा जालना रोडला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. रोज सकाळी सगळं शहर ओलांडायचं म्हणजे माणूस वैतागतो. मिस्टरांची कंपनी वाळूजला असती तर मी आधी मिटमिटाच म्हटलं असतं, आणि बिडकीनला असती तर पैठण रोडवरचं कांचनवाडी-नक्षत्रवाडी.

देवळाईहून मात्र बीड बायपास धरला की झाल्टा फाटा, केंब्रिज चौक आणि सरळ शेंद्रा. शहरात शिरावंच लागत नाही. शिफ्टची ड्युटी असेल तर याचं महत्त्व राहायला आल्यावर कळेल. गांधेली, झाल्टा, सुंदरवाडी ही गावंही त्याच अंगाला आहेत आणि अजून बरीचशी गावंच आहेत. हा सगळा पट्टा 'झालर क्षेत्र' म्हणून ओळखला जातो. शहराभोवतालच्या २८ गावांसाठी आधी सिडकोला नियोजनाचं काम दिलं होतं. तिथे घर बघत असाल तर विकास आराखड्यात तुमच्या गट नंबरच्या जमिनीवर रस्ता किंवा आरक्षण आहे का, एवढं नकाशावर बोट ठेवून विचारा. एजंट म्हणतो, "ताई, काही नाही हो तिथे." नकाशा काय म्हणतो तेच खरं.

शाळेचं बघू. तिसरीत जागा मिळणं हे घर मिळण्यापेक्षा अवघड आहे. नर्सरीला जागा असतात, मधल्या वर्गात कुणी गेलं तरच जागा होते. म्हणून आधी मुलीची शाळा पक्की करा, तिच्या बसचा मार्ग विचारा आणि त्या मार्गावर घर शोधा. लोक उलटं करतात, घराचं टोकन देऊन मग शाळांच्या दारात उभे राहतात.

शाळा कोणती, हे तुमच्या डोक्यात काय आहे त्यावर. जुन्या मराठी शाळा शहराच्या पोटात आहेत. सरस्वती भुवनची संस्था १९१५ पासूनची, तिथे शिकलेल्यांच्या दोनदोन तीनतीन पिढ्या भेटतात. सेमी इंग्रजी चालत असेल तर हा पर्याय अजिबात सोडू नका, पण मग बायपासवरून रोज आत जावं लागेल. मोठ्या मैदानाच्या इंग्रजी शाळा गेल्या काही वर्षांत शहराबाहेरच सरकल्यात. पैठण रोडची नाथ व्हॅली जुनी आणि नावाजलेली, बीड बायपास आणि जालना रोडलाही बऱ्याच झाल्यात. म्हणजे कडेला राहिल्यानं शाळा लांब पडते हे आता तितकंसं खरं राहिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र नीट बघा. फलकावर 'सीबीएसई पॅटर्न' लिहिलेलं असलं म्हणजे शाळा सीबीएसईशी संलग्न आहे असं नाही. पुस्तकं त्या पद्धतीची वापरतात, बस. संलग्नता क्रमांक मागा. महाराष्ट्रातल्या शाळांचा तो ११३ ने सुरू होतो, आणि सीबीएसईच्या सारस पोर्टलवर शाळेचं नाव टाकलं की खरंखोटं दिसतं. संलग्नता आठवीपर्यंतच आहे की दहावीपर्यंत, तेही तिथेच कळतं. आठवीनंतर शाळा शोधत फिरणारे आईबाप मी बघितलेत. राज्य मंडळाची शाळा असेल तर ११ अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, विचारा. सांगायला टाळाटाळ केली तर चहा पिऊन बाहेर या.

आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचं नाव काढलं की नाक मुरडू नका. आपल्याच तालुक्यात गाडीवाट नावाचं खेडं आहे, तिथल्या जिल्हा परिषद शाळेतली पोरं इंटरनेटवरून जपानी शिकली, देशभर बातम्या झाल्या. सगळ्या शाळा अशा नाहीत, मी काही भाबडी नाही. पण गावातली शाळा चांगली असणं हे ते गाव नांदतं असल्याची खूण आहे. तुम्ही मुलांना तिथे घाला न घाला, घर बघायला गेलात की शाळेच्या वेळेला पटांगणात डोकावून या. पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक असं शिक्षणहक्क कायदा सांगतो. चार वर्गांना मिळून दोनच शिक्षक असतील तर पट किती आहे ते विचारा. पट घसरत असेल तर गावातले लोकच मुलं दुसरीकडे पाठवतायत. मग त्या गावात तुमच्या मुलांना खेळायला पोरं कुठून मिळणार? गावपण हवं म्हणता, ते वावरात नसतं, संध्याकाळी गल्लीत जमणाऱ्या पोरांत असतं, पोळ्याला दारापुढून जाणाऱ्या बैलांत असतं.

आता पाणी. यावर तुम्ही एक शब्द विचारला नाहीत, त्यावरूनच कळतं पुण्याहून येताय. शहराला पाणी येतं पैठणच्या जायकवाडीतून, पन्नासेक किलोमीटरवरून. धरण भरलेलं असतानाही नळाला रोज पाणी नसतं, काही दिवसांच्या अंतरानं येतं. सातारा-देवळाईसारख्या नंतर जोडलेल्या भागांनी तर वर्षानुवर्षं बोअर आणि टँकरवरच काढली. आपल्या खाली काळा बेसॉल्ट खडक आहे. पाणी सापडतं ते खडकाच्या भेगांत आणि मुरमाच्या थरात. त्यामुळे शेजारच्याच्या बोअरला धो धो पाणी आणि तुमचं सहाशे फुटांवर कोरडं, असं खुशाल होतं. "इथे पाण्याचा प्रॉब्लेम नाही" हे घरमालकानं ऑक्टोबरमध्ये सांगितलेलं वाक्य आहे हे लक्षात ठेवा. घर बघायचं एप्रिल-मेमध्ये. गच्चीवर चढा, टाक्या किती ते मोजा, गल्लीत टँकर कुठून वळतो आणि एका टँकरचे किती घेतात ते किराणा दुकानदाराला विचारा. तो खरं सांगतो, त्याला घर विकायचं नसतं. बोअरचं पाणी जड असतं, नळाच्या तोट्यांवर पांढरा थर बघितला की अंदाज येतो. पिण्यासाठी बहुतेकांकडे जार किंवा फिल्टर आहे.

विजेचंही एक विचारून घ्या, घर शहराच्या फीडरवर (वीजवाहिनीवर) आहे की गावठाणच्या. फरक उन्हाळ्यात कळतो.

कचऱ्याचं म्हणाल तर महापालिकेची प्रक्रिया केंद्रं चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी अशी शहराच्या कडेलाच आहेत. ती वाईटच असं मी म्हणत नाही, पण घर बघायला संध्याकाळी वारा सुटल्यावर एकदा जा.

प्लॉटबद्दल थोडक्यात, कारण हा वकिलाचा विषय आहे. मराठवाड्यात जमिनीची कटकट पुण्यापेक्षा वेगळी आहे. निजामाच्या काळातल्या इनाम जमिनी, देवस्थानच्या, वक्फच्या, वर्ग-२ च्या (ज्या विकायला सरकारी परवानगी लागते), असे बरेच प्रकार सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात दडलेले असतात. तो रकाना आणि जुने फेरफार वकिलाकडून वाचून घ्या. शहराच्या कडेला गुंठेवारीही, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेली जमीन, खूप आहे. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. म्हणजे आज कुणी एक गुंठा बॉंडवर, म्हणजे खरेदीखताशिवाय नुसत्या स्टॅम्पपेपरवर, देतो म्हणाला आणि 'पुढे गुंठेवारीत बसेल' म्हणाला तर हात जोडा आणि निघा. स्वस्त असतं ते, मान्य. पण बँक कर्ज देत नाही आणि पुढे विकताना तुम्हालाच कुणीतरी असा बकरा शोधावा लागतो. लेआउट असेल तर जमीन एनए असल्याचा कागद, मंजूर नकाशा आणि महारेरा क्रमांक या तीन गोष्टी हातात आल्याशिवाय इसार देऊ नका.

येत्या शनिवार-रविवारी नुसते फिरायला येणार असाल तर शनिवारी सकाळीच या, बऱ्याच शाळांची ऑफिसं अर्धा दिवस उघडी असतात. मुलीच्या जागेची चौकशी आधी उरका, मग बायपासवरून झाल्टा फाट्यापर्यंत गाडीनं जा आणि दुपारी शिफ्ट सुटायच्या वेळी शेंद्र्याहून परत या. साताऱ्याच्या खंडोबाला जायचं असेल तर रविवार टाळा, फार गर्दी असते.