चीज झाकून ठेवू नकोस

प्रिय मुली,

तुझा प्रश्न परवापासून डोक्यातून जात नाही. नट कामोद रागातली ती चीज, ती बंदिश, गुरुभगिनीला शिकवावी की नाही? ती स्पर्धेत तुझ्याआधी गाईल, लोक ती तिचीच समजतील, ही तुझी भीती. भीती खुळी नाही. तरी दे.

पूर्वी घराण्यांत चिजा जपूनच ठेवायचे, असं तू म्हणालीस. ठेवायचे. गवयाची सारी मिळकत त्याच्या गळ्यात आणि त्याच्या वहीत असे, पोटाचा प्रश्न होता तो. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण तुला कोणता दरबार सांभाळायचाय? गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाण्याची तालीम चार लोकांसाठी खुली केली. संगीताचे अभ्यासक भातखंडे पेशाने वकील. गावोगावच्या गवयांकडून चिजा मिळवत हिंडले आणि क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांतून त्या कुणाच्याही हाती दिल्या. खानदानी मंडळी म्हणाली, ही चीज अशी नाहीच. म्हणेनात का! वाद घालायला निदान चीज समोर होती.

माझ्याकडे खट रागातल्या एका चिजेची नुसती स्थायी आहे, म्हणजे पहिला भाग. ज्यांच्याकडून ऐकली, ते खोलीत कुणी परकं असलं की अंतऱ्यापाशी, दुसऱ्या भागापाशी, थांबायचे. ते गेले. वही सापडली नाही, शिष्यांपैकी कुणाला अंतरा येत नव्हता. किती जणांना विचारलं मी! ती स्थायी अजून घोळवते, पण मैफलीत कशी गाऊ? एका माणसाने दिली नाही, म्हणून संपली.

तेव्हापासून मला जे येतं ते मी देते, मागेल त्याला. तालमीतली चीज परक्याच्या तोंडून रेडिओवर ऐकली तेव्हा घरचे म्हणाले, तू भोळी आहेस. भोळी नाही मी. त्या मुलाने मुखडा, चिजेची सुरुवातीची ओळ, माझ्यापेक्षा अर्धी मात्रा उशिरा उचलला होता आणि तरी सम, तालाची पहिली मात्रा, अशी नेमकी गाठली, की मी आता तसाच उचलते. माझ्याचपाशी राहिली असती तर हे मला कधी सुचलं असतं?

आणि ती चीज तुला येते, हे कशावरून? एकदा दुसऱ्या गळ्यात घालून बघ. कामोदाची रे-प संगती, ती सुरांची जोडी, कुठे घ्यायची, नट रागाचं अंग कुठून धरायचं, हे आज तू अंदाजाने गातेस, मी ऐकलंय. समोरची ‘इथे असं का?’ म्हणून अडली की तुलाही थांबून विचार करावा लागेल. दिल्याशिवाय चीज पक्की होत नाही, किती वेळा सांगू?

फोनवर रेकॉर्डिंग पाठवून मोकळी होऊ नकोस मात्र. त्यात शब्द जातील, सूरही जातील. तिचा कुठला सूर कमी लागतोय हे तुला कसं कळणार? समोरासमोर बसा, हाताने ताल धरा, चुकेल तिथे थांबव. तिने तुला थांबवलं तर रागावू नकोस.

रविवारी सकाळी दोघी माझ्याकडे या. तबलजींना बोलावलंय, ठेका विलंबित तीनतालाचा. स्थायी तू म्हण, अंतरा तिला म्हणू दे. आणि वही आण. ती चीज मला येत नाही, उतरवून घ्यायची आहे.

तुझी,
मावशी